कप्तानाचं तोंड

साचेमामांना शरमेनं लाल झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, ते लोक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत असताना. चाच्यांच्या सिनेमाचा पहिला खेळ नुकताच संपला होता. दिग्दर्शकानं मामांना हाताला धरून पडद्यापुढे नेलं आणि "आपला बुडालेला कप्तान घडवला तो या माणसानं" असं सांगितलं. अख्खं थिएटर उभं राहिलं. मामांनी मान जी खाली घातली ती वर केलीच नाही. माझ्या शेजारी बसलेला दिवेवाला म्हणाला, "काय विनयी माणूस आहे हो!" मामांचा विनय मला चांगला ठाऊक आहे, इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर काम करतोय. तो विनय नव्हता.

मी टोप विणते. राजाला कुरळे केस, चेटकिणीला झिंज्या, टकल्या नायकाला तारुण्य, हे सगळं माझ्याकडे. मामा तोंडं करतात. नटाच्या चेहऱ्यावर ओलं प्लास्टर लेपायचं, ते सुकलं की साचा काढायचा, साच्यात पुन्हा प्लास्टर ओतून त्याचं हुबेहूब तोंड तयार करायचं. मग त्या तोंडावर मातीनं हवं ते चढवायचं, म्हातारपण म्हणा, जखम म्हणा, आणि त्यावरून रबराचा मुखवटा घ्यायचा. म्हणून ते साचेमामा. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. निर्मातासुद्धा त्यांना मामाच म्हणतो, आणि तो त्यांच्याहून चांगला म्हातारा आहे.

आमचा कारखाना म्हणजे स्टुडिओच्या मागची पत्र्याची शेड. भिंतीवरच्या फळ्यांवर आजवरच्या सगळ्या नटांची पांढरी तोंडं ओळीनं मांडलेली, सगळ्यांचे डोळे मिटलेले. टेबलाचा अर्धा भाग त्यांचा, अर्धा माझा. त्यांचं प्लास्टर माझ्या केसांवर उडतं, माझे केस त्यांच्या प्लास्टरमध्ये रुतून बसतात, आणि यावरून रोज सकाळी आमचं वाजतं. वाजतं म्हणजे मी बोलते. मामा "हं" म्हणतात आणि फडकं ओलं करायला जातात. असल्या माणसाशी भांडणं म्हणजे उशीवर गुद्दे मारणं.

लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मी एकदा विचारलं होतं. "राहून गेलं," म्हणाले. रविवारी तेवढे थोरल्या वहिनींकडे जेवायला जात. वहिनी बंदराजवळच्या गल्लीत ताडपत्र्या शिवतात, बोटींवरची, मालावरची. दुकान पुढे आणि राहायची खोली मागे. खोली इतकी ओली की भिंतीला पाठ टेकली तर कपडा दमट होतो. मालकानं वरच्या रस्त्याची कोरडी खोली कितीदा देऊ केली, पण वहिनींचं उत्तर ठरलेलं. "त्यांना हाच पत्ता माहीत आहे."

'त्यांना' म्हणजे मामांच्या भावाला. तो मालवाहू बोटीवर इंजिनाकडे कामाला होता. एका खेपेला बोट गेली ती परत आलीच नाही. दोन-चार फळ्या मिळाल्या, माणूस एकही मिळाला नाही. कंपनीनं 'बेपत्ता' असं कळवलं, आणि वहिनींनी तो शब्द घट्ट धरून ठेवला. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. कुठल्या तरी किनाऱ्याला लागला असेल, आठवण गेली असेल, येईल. त्यांच्यासमोर कुणी 'कै.' म्हणायची सोय नव्हती. मामा तर भावाबद्दल बोलताना 'होता' म्हणायचेच नाहीत, 'आहे' म्हणायचे, आणि मग लगेच पाणी प्यायचे.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. शिकाऊ माणसाला कुठला नट आपलं तोंड देतो? नाकपुड्यांत नळ्या खुपसून, डोळे मिटून, प्लास्टरखाली पडून राहायचं असतं. जरा चूक झाली की भुवया उपटून हातात. त्यामुळे जो तो आपल्या घरच्यांवर हात बसवतो. मी आईच्या डोक्याची मापं घेऊन पहिला टोप विणला. मामांनी पहिलं तोंड घेतलं ते भावाचं. तो प्लास्टरखाली हसू दाबत होता म्हणे, म्हणून ओठाची डावी कड जरा वर गेलेली. ते तोंड सगळ्यात वरच्या फळीवर, कोपऱ्यात, भिंतीकडे वळवून ठेवलेलं असायचं.

तर हा चाच्यांचा सिनेमा. दिग्दर्शक होता तरणा, भलताच हुशार आणि इतिहासाचं वेड घेतलेला. त्याला सगळं खरं हवं. दोरांच्या गाठी खऱ्या, तोफा खऱ्या मापाच्या, कोटाची बटणंसुद्धा त्या काळातली. त्यासाठी इतिहासाचे एक प्राध्यापक ठेवले होते. ते बिचारे रोज चष्मा पुसत माझ्या टोपांची लांबी तपासायला यायचे. त्यांनी अगदी कागदपत्रांसकट सांगितलं की हा कप्तान खरोखर होऊन गेला, आणि तो बंदरावर फासावर गेला. दिग्दर्शक म्हणाला, "छान! फासावरून त्याला समुद्रात टाकला, आणि तो शाप घेऊन वर आला!" प्राध्यापकांचा चष्मा हातातच राहिला. शेवटी तडजोड अशी झाली की गळ्यापर्यंत इतिहास आणि गळ्याच्या वर भूत. कोट खरा, तोंड बुडालेलं. म्हणजे इतिहासाचं खातं शिंप्याकडे आणि भुताचं आमच्याकडे.

कप्तान करणारा नट नावाजलेला, पण प्लास्टर म्हटल्यावर त्याला घाम फुटला. लहानपणी कधी कोठीत कोंडला गेला होता. नळ्या बघूनच तो खुर्चीतून उठला आणि परत बसला नाही. आता साच्याशिवाय मुखवटा कसा करायचा? मामांनी मापाच्या चिमट्यानं त्याचं डोकं मोजलं, कपाळ मोजलं, हनुवटी मोजली. मग फळ्यांवरची तोंडं एकेक करून मोजली. जुळलं ते एकच. वरच्या फळीवरचं.

"मामा, दुसरं घ्या," मी म्हटलं.

"नुसता पाया आहे, ताई," ते म्हणाले. "वरून माती चढली की कुणाचं काय कळतंय?"

आणि खरंच, सुरुवातीला काही कळत नव्हतं. त्यांनी त्यावर शिंगं सोडून सगळं चढवलं. शिंपले, खेकडे, लोंबणारं शेवाळ. दिग्दर्शक आला आणि म्हणाला, "खोटं वाटतंय. कमी करा." मामांनी खेकडे काढले. "अजून कमी करा." शिंपले काढले. दर वेळी माती निघत गेली आणि आतलं तोंड वर येत गेलं, आणि दर वेळी तो पोरगा जास्त खूश होत गेला. मग म्हणाला, बुडालेल्या माणसाची कातडी कशी दिसते ते मला दिसलं पाहिजे. मामांनी बाजारातून एक मोठा मासा आणला आणि तो शेडच्या दारात बादलीतल्या पाण्यात ठेवून दिला. कातडी कशी पांढरी पडते, कुठून सुटते, डोळ्याभोवती काय होतं, हे बघत ते बादलीशी उकिडवे बसायचे. वासानं माझं डोकं उठलं. मी बादली उलटी करीन म्हणून धमकी दिली. "आजच्या दिवस," मामा म्हणायचे. त्या माशावर जे झालं ते त्यांनी भावाच्या तोंडावर उतरवलं.

त्यांना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. शेवटच्या दिवशी दिग्दर्शक दारातच थबकला आणि कुजबुजला, "हाच! हसतोय की रडतोय तेच कळत नाहीये. मामा, तुम्ही मोठे कलावंत आहात." आजवर त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. आमच्या कामाचं कौतुक म्हणजे कुणाचं लक्ष न जाणं. मामांचा चेहरा खुलला. मी तो खुललेला पाहिला आणि मला त्यांचा राग आला, कारण टेबलावरून त्यांचा भाऊ कुजलेल्या पापण्यांखालून त्यांच्याकडेच बघत होता.

मग सिनेमा लागला, टाळ्या झाल्या, आणि मामांची मान खाली गेली. पडद्यावर तो पाण्यातून वर येतो, एवढाल्या मोठ्या तोंडानं, आणि शेजारची माणसं किंचाळतात, तेव्हा कुठे मामांना कळलं की आपण काय केलंय. टेबलावर ते काम होतं. पडद्यावर तो भाऊ होता, आणि लोक त्याला बघून भीत होते, हसत होते, मक्याच्या लाह्या खात होते.

दिग्दर्शकानं वर वर्तमानपत्रात सांगून टाकलं की कप्तानाचा चेहरा एका जुन्या अस्सल चित्रावरून घेतलाय. प्राध्यापक तावातावानं आमच्याकडे आले. "कुठलं चित्र? असं चित्रच नाही!" मामांनी त्यांना चहा दिला, काही सांगितलं नाही. तो खोटा इतिहास त्यांना सोयीचा होता. वहिनींना ते म्हणाले, सिनेमा वाईट आहे, भुताखेतांचा आहे, तुम्हाला झोप लागणार नाही. वहिनी म्हणाल्या, "मला कुठे वेळ आहे हो सिनेमाला?" मामांना हायसं वाटलं.

पण सिनेमा धो धो चालला, आणि थिएटरवाल्यांनी मक्याच्या लाह्यांबरोबर कप्तानाचे पातळ मुखवटे वाटायला सुरुवात केली. आठवड्याभरात गल्लीगल्लीत पोरं ते तोंडाला बांधून एकमेकांच्या अंगावर धावायला लागली. वहिनींच्या दुकानासमोरचीही. मामा रविवारी जेवायला गेले तर दारातच एक चिमुरडी तो मुखवटा घालून "हूऽऽ" करत त्यांच्या पायांना भिडली. आत वहिनी मान खाली घालून ताडपत्री शिवत होत्या. त्यांनी जेवायला वाढलं, बोलल्या मात्र नाहीत. पुढच्या रविवारी मामा गेलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही.

त्या दिवसांत मामा पार खचले. शेडमध्ये तोंडांकडे पाठ करून बसायचे. कुणी "कप्तानवाले मामा" म्हणून ओळख करून दिली की मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. एक दिवस मीच फैलावर घेतलं. "अहो, जाऊन सांगा की. साचा भावाचा होता, चुकलं, माफ करा. जास्तीत जास्त काय करतील? शिव्या देतील. खा शिव्या."

"तुम्ही येता का बरोबर?" मामा म्हणाले. एवढा थोराड माणूस, आणि आवाज असा की मला नाही म्हणवेना.

गेलो. वहिनींनी शिलाईचं मशीन थांबवलं, आम्हाला आत बसवलं. मामांनी तोंड उघडलं, पण वहिनीच आधी बोलल्या.

"साच्यावरून घेतलंत ते कळलं मला, भाऊजी. साचा घेतलात त्या दिवशी भुवयांत प्लास्टर अडकवूनच ते घरी आले होते. मीच तेल लावून काढलं. त्याबद्दल नाही विचारत मी."

मामांनी जे बोलायचं म्हणून वाटभर घोकलं होतं, ते तिथेच संपलं.

"मी सिनेमाला जाऊन आले," वहिनी म्हणाल्या. "परवा पुन्हा गेले. ते डोळ्यांखालचं, कपाळावरची सुटलेली कातडी, तो ओठांचा रंग. असं बघितल्याशिवाय कळत नाही. भाऊजी, खरं सांगा. सापडले होते ना ते? तुम्ही ओळख पटवायला गेला होतात, आणि मला सांगवलं नाही तुम्हाला. हो ना?"

मामांनी पाण्याचं भांडं पुढे ओढलं.

"मी रागावणार नाही," वहिनी म्हणाल्या. "पण बघितलेलंच असणार. नाहीतर मनानं कुणी सख्ख्या भावाचं असं करील का?"

खरं उत्तर बादलीतला मासा होतं. मी मामांकडे बघितलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. मला वाटलं, आता बोलतील.

"हो," मामा म्हणाले. "सापडला होता."

वहिनींनी डोळे मिटले. मग अगदी हळू, एकेक प्रश्न विचारला. कुठे सापडले? खाली, खडकांच्या बाजूला. त्रास झाला असेल? नाही, लगेच गेला असणार. कुठे ठेवलंत? बंदरामागच्या दफनभूमीत, बेवारसांच्या कोपऱ्यात. दगड तरी लावलात ना? हो, लहानसा. मामा एकामागून एक सांगत गेले आणि मी चुलीवरच्या पातेल्याकडे बघत बसले. शेवटी वहिनींनी त्यांचा हात धरला. "एकट्यानं सोसलंत इतकी वर्षं," त्या म्हणाल्या आणि रडल्या. मामांना जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं असेल. मला तर झालंच.

बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच सुरू झाले. "हे काय करून बसलात?"

"मग काय सांगू?" मामा पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "मासा कुजवला आणि दादाला फासला, कारण एका पोराला आवडत होतं म्हणून? हे सांगू?"

दया येऊन खोटं बोलले असते तर मी समजून घेतलं असतं. पण त्यांनी स्वतःची लाज झाकायला बाईला नवऱ्याचं मरण देऊन टाकलं होतं, आणि हे त्यांनाही कळत होतं.

वहिनींनी त्याच आठवड्यात मालकाला वरची खोली घेते म्हणून कळवलं. आणि मामांना निरोप पाठवला, मला दगडापाशी घेऊन चला.

दगडच नव्हता. सकाळी मी शेडमध्ये आले तर मामा सिमेंटचा एक छोटा दगड ओतून बसलेले. वर भावाचं नाव कोरत होते. नाव झाल्यावर त्यांनी तारेच्या ब्रशनं कडा झिजवल्या, चहाचं पाणी ओतून डाग पाडले, खाचांत काळं भरलं, आणि एका बाजूला हिरव्या रंगात भुसा कालवून शेवाळ चढवलं. चाच्यांच्या कबरींसाठी असेच दगड आम्ही ढिगानं केले होते. ताजं सिमेंट डोळ्यांदेखत म्हातारं झालं. एवढं सुबक काम त्यांच्या हातून कधी झालं नसेल. मी बघत होते हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. मला कसं दिसतंय तेही विचारलं नाही, एरवी नेहमी विचारतात.

दगड त्यांनी नेऊन एका बिननावाच्या उंचवट्यावर रोवला. रखवालदाराला काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वहिनींना घेऊन गेलो. दफनभूमी चढावर आहे, खालून समुद्राचा वारा येतो. त्या दिवशी वारा पडला होता आणि हवा दमट होती. मामा फाटकाशीच थांबले. मी वहिनींबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले.

वहिनी खाली बसल्या. आधी नावावरून बोट फिरवलं, अक्षर न् अक्षर. मग कडेच्या शेवाळावर तळवा ठेवला, माणसाच्या गालावर ठेवावा तसा. काढला, तर तळव्याला हिरवा रंग लागला होता.

त्या हाताकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग गवतावर तो नीट, बोटांच्या बेचक्यांतून पुसला. मामा फाटकापासून निम्म्या वाटेपर्यंत आले होते, ते तिथेच थांबले.

"भाऊजी," वहिनींनी हाक मारली, "दगड छान केलात."

"वहिनी, मी..." मामा म्हणाले.

"सापडलेच नव्हते ना?"

मामांनी मान हलवली. नाही.

"मनानंच केलंत ते सगळं?"

"हो."

मला वाटलं, आता आभाळ फाटणार. वहिनी दगडाकडे बघत होत्या. चेहऱ्यावर राग होता, चांगला होता. पण आवाज चढला नाही.

"वाट बघून मी थकले होते," त्या म्हणाल्या. "कुणीतरी पुरे म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणालात ते मात्र स्वतःसाठी म्हणालात, एवढं मला कळतं." आणि त्यांनी विचारलं, "मग या खाली कोण आहे?"

मामा म्हणाले, "माहीत नाही."

"म्हणजे याच्याही घरी कुणीतरी दार उघडं ठेवून बसलं असेल," वहिनी म्हणाल्या. "नाव काढा ते. दुसऱ्याच्या अंगावर आपलं माणूस नको."

मामांच्या खिशात कोरणी होतीच. ते गुडघ्यांवर बसले. सिमेंट अजून कच्चं होतं, अक्षरं सहज निघत होती. पहिल्या अक्षरापासून सुरुवात करून त्यांनी भावाचं सगळं नाव आपल्या हातानं खरवडून काढलं. भुकटी त्यांच्या मांडीवर पडत होती. वहिनी शेजारीच बसून होत्या. दगड कोरा झाल्यावरही मामा कितीतरी वेळ कोरणी चालवत राहिले, कारण थांबले असते तर त्यांना वर बघावं लागलं असतं.